जिल्हा रुग्णालयाबाहेर नातेवाइकांना जेवण द्यायचंय – सोबत सुवार्तेच्या पत्रिका द्याव्यात का?

तरुणसंघ_नगर

सर्वांना ख्रिस्तात सलाम.

आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाने दर शनिवारी संध्याकाळी जिल्हा रुग्णालयातल्या रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण द्यायचं ठरवलंय. रुग्णाला रुग्णालयाकडून जेवण मिळतं, पण सोबतचं माणूस चार-चार दिवस व्हरांड्यात पथारी टाकून असतं, त्याच्या पोटाचं कुणी बघत नाही. आम्ही १४ जण आहोत. साधारण १०० माणसांचा अंदाज आहे. मंडळीच्या हॉलचं स्वयंपाकघर वापरायला मिळेल. पंचकमिटीने महिन्याला ८,००० रुपये मंजूर केलेत, म्हणजे एका शनिवारी २,०००.

परवानगी कुणाकडे मागायची, काय शिजवायचं आणि किती, हे विचारायचं आहेच. पण खरा अडलेला प्रश्न वेगळा आहे. निम्मे म्हणतात की प्रत्येक ताटासोबत पत्रिका द्यायची, निदान वाटपाआधी मोठ्याने प्रार्थना करायची, नाहीतर ही साक्ष कसली, नुसतं समाजकार्य. निम्मे म्हणतात, अजिबात नको. पाळक साहेब म्हणाले, "तुम्हीच विचार करून या, मग बोलू." जाणत्यांनी सांगावं.

मोठं_पातेलं

मुलांनो, आधी पोटाचं बोलू.

मुगाच्या डाळीची खिचडी करा. पोळी-भाजीच्या नादी लागू नका. १०० माणसांच्या ३०० पोळ्या १४ जणांकडून वेळेत होत नाहीत, झाल्या तरी गार आणि वातड होतात. छोले, राजमा नको, जागरणाने थकलेल्या पोटाला जड जातात.

१०० जणांना: तांदूळ ७ किलो (साधा कोलम चालतो, फार जुना नको), सालवाली मूगडाळ साडेतीन किलो, तेल सव्वा लिटर, कांदा ३ किलो, गाजर-फरसबी-दुधी मिळून ४ किलो, जिरं १०० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, हिंग, कढीपत्ता. मीठ आधी २५० ग्रॅम घाला, मग चव बघून वाढवा. मिरची बेताची. पाणी ३५ लिटरच्या आसपास. माणशी ४०० ग्रॅमच्या वर पडते, एक पोटभर जेवण. लोणचं ठेवा. गॅस आणि गाडीभाडं धरूनही २,००० रुपयांत बसतं, तेल-डाळ फार चढली नाही तर.

एकाच पातेल्यात १०० जणांचं करायला जाऊ नका. हॉलच्या शेगडीवर मधला भाग करपतो आणि कडेचा तांदूळ कच्चा राहतो. जाड बुडाची, ३०-३० लिटरची दोन पातेली घ्या. पाणी वेगळं उकळून मगच घाला. गार पाणी ओतलं की डाळ तळाशी बसते आणि तिथेच लागते. लांब दांड्याच्या उलथन्याने तळापासून हलवत राहा. तरीही लागलीच, तर खरवडू नका. वरची खिचडी अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा. खरवडलं की करपट वास सगळ्या पातेल्यात उतरतो आणि मग कितीही फोडणी ओता, जात नाही.

खिचडी मुद्दाम सैल ठेवा, वाटेत ती आळते. सोबत ५ लिटर उकळतं पाणी थर्मासमध्ये न्या, लागेल तसं मिसळा. ओलं खोबरं, टोमॅटो, दही काही घालायचं नाही, उन्हाळ्यात तर नाहीच.

वेळ घड्याळावर पाळा. साडेचारला चूल, सहाला उतरवणं, पावणेसातला पहिलं ताट, आठच्या आत शेवटचं. शिजवलेला भात कोमट राहिला की त्यात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू वाढतात. त्यांचं बीज उकळण्यातही तगतं, आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून आठनंतर उरलेली खिचडी कुणाला बांधून द्यायची नाही आणि रविवारी उपासनेनंतरच्या चहापाण्यात तर आणायचीच नाही. गाडीत चढवण्याआधी एकाने चव घ्यायची आणि वाटीभर खिचडी स्वच्छ डब्यात भरून २४ तास फ्रिजमध्ये ठेवायची. उद्या कुणी तक्रार केली तर तपासायला काहीतरी हातात हवं.

वाढायची पळी एकच ठरवा आणि पहिल्या शनिवारी पाण्याने मोजून बघा, किती पळ्यांत पातेलं संपतं ते. हात सढळ असणाऱ्या भावाला पळी दिली की सत्तराव्या माणसाला पातेलं रिकामं. रांगेत उभं राहून रिकाम्या हाताने परत जाणं हे जेवण न मिळण्यापेक्षा वाईट लागतं.

वॉर्डसिस्टर

परवानगीचं सांगते. मंडळीच्या लेटरहेडवर जिल्हा शल्य चिकित्सकांच्या नावे अर्ज करा. वार, वेळ, जागा, किती माणसं, काय पदार्थ, कुठे शिजणार, कचरा कोण उचलणार, जबाबदार दोघांचे फोन. "फक्त नातेवाइकांसाठी, रुग्णांसाठी नाही" हे वाक्य ठळक हवं. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. मग निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि समाजसेवा अधीक्षक असतील तर त्यांना प्रत्यक्ष भेटा. कोणत्या वॉर्डातल्या माणसांची आबाळ होते हे अधीक्षकांना नेमकं ठाऊक असतं. अन्नसुरक्षा कायद्याला नफा आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही, फुकट वाटणाऱ्यालाही तो लागू आहे. नोंदणी करून घ्या आणि तिची प्रत गाडीत ठेवा.

रुग्णाला का नाही? कुणाचं सकाळी ऑपरेशन असतं, त्याला उपाशी ठेवलेलं असतं. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुणाची साखर, कुणाची किडनी. "थोडीशी द्या हो, दोन दिवस काही खाल्लं नाही त्याने" असं आई काकुळतीने म्हणते आणि आपण विरघळतो. तिथे विरघळायचं नाही. "सिस्टरला विचारून येतो" म्हणायचं, आणि खरंच विचारून यायचं.

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेलं माणूस खाली रांगेत येणारच नाही. आपण पाच मिनिटं उठलो आणि नेमकं आत बोलावलं तर, ही भीती असते. त्यांच्यासाठी १०-१२ झाकणाचे डबे वेगळे भरा आणि जागेवर नेऊन द्या. नवीन लोक ही गोष्ट हमखास विसरतात.

आत गेलात तर: दोघेच. मास्क. आधी आणि नंतर साबणाने हात. लहान मुलं नकोत. खाटेवर बसायचं नाही, उशाशी उभं राहून वाकायचं नाही, स्टूल घेऊन त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसायचं. "काय झालंय?" विचारायचं नाही, सांगावंसं वाटलं तर ते सांगतात. "जेवलात का? घरी कोण आहे? फोनला चार्जिंग आहे का?" एवढं पुरतं. १० मिनिटांत उठायचं. अंगावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना करायची नाही, शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला तो त्रास आहे. आणि हे हात जोडून सांगते: "बरे व्हाल, विश्वास ठेवा" असं वचन देऊ नका आणि औषधाबद्दल एक अक्षर बोलू नका. क्षयरोगाच्या गोळ्या कुणाच्या तरी शब्दावर मध्येच सोडल्या तर रोग औषधाला दाद न देणारा होऊन परत येऊ शकतो.

फोटो नाही. ताट घेणाऱ्या हाताचासुद्धा नाही.

सुवार्तिक_सोलापूर

वरची सगळी माहिती उपयोगाची आहे, पण मूळ प्रश्नाला कुणी हात घातला नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १० व्या अध्यायात प्रेषित पौल विचारतो, ज्याच्याविषयी ऐकलंच नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवतील? खिचडी तर गुरुद्वाराही देतं, गणेश मंडळंही देतात, आणि फार चांगली देतात. ज्या नावासाठी आपण देतो ते नावच घ्यायचं नाही, तर घेणाऱ्याला कळणार कसं? लाज वाटून नाव लपवणं आणि नम्रतेने गप्प राहणं यांतला फरक प्रत्येकाने आपल्या मनाशी तपासावा. मी पत्रिकेच्या बाजूचा आहे.

जुना_सेक्रेटरी

सुवार्तिक भाऊंचा शेवटचा मुद्दा मला पटतो. पुष्कळ वेळा आपलं मौन नम्रतेचं नसतं, भीतीचं असतं. तरीही ताटासोबत पत्रिका नको, या मताचा मी आहे.

रांगेत उभ्या असलेल्या माणसाला "नको" म्हणता येत नाही. त्याच्या एका हातात ताट आहे, दुसऱ्या हातात आपण कागद देतो. कागद नाकारला तर ताट जाईल का, पुढच्या शनिवारी मिळेल का, हे गणित त्याच्या डोक्यात क्षणात होतं. तो कागद घेतो, पाच पावलांवर टाकतो, आणि आठ वाजता आपलीच मुलं प्रभूचं नाव असलेले खरकट्याने माखलेले कागद गोळा करत फिरतात. पौलाने "ऐकणं" म्हटलंय. ज्याला नकार देण्याची मोकळीक नाही त्याने कागद घेतला, म्हणजे ऐकलं असं होत नाही.

आपल्या जिल्ह्यात याला जुनी जखमही आहे. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर नगरकडच्या कितीतरी गावांतली माणसं मंडळीत आली. "पोटासाठी बाटले" हा टोमणा त्यांनी ऐकला, त्यांच्या नातवंडांनी ऐकला. त्यांच्या विश्वासाची खोली न पाहता लोकांनी तो मारला, आणि तो मारायला जागा कुठून मिळाली, तर अन्न आणि उपदेश एकाच हाताने दिले गेले तिथून. ती जागा आपण पुन्हा कुणाला का द्यावी? कायद्याच्या बाजूनेही स्वच्छ राहा. राज्यघटनेचं कलम २५ धर्माचा प्रसार करण्याची मुभा देतं, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटलं आहे. ताटाला कागद चिकटला की "प्रलोभन" हा शब्द लगेच येतो. मग तुमच्यासोबत त्या जिल्हा शल्य चिकित्सकांचीही चौकशी होते, ज्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवून परवानगी दिली.

आता नाव कसं घ्यायचं. पेत्राच्या पहिल्या पत्रातलं ३:१५ उघडा. तुमच्या आशेचं कारण *विचारणाऱ्याला* उत्तर द्यायला सिद्ध असा, आणि तेही सौम्यतेने, आदराने. मला इथे 'विचारणाऱ्याला' हा शब्द मोलाचा वाटतो. लोक विचारतात. तिसऱ्या-चौथ्या शनिवारी कुणीतरी विचारतंच, "तुम्ही कुठले? हे का करता?" त्या वेळी १४ पैकी एकानेही चाचरता कामा नये. दोन वाक्यं सगळ्यांना पाठ हवीत: "आम्ही अमुक मंडळीतले. येशूने आम्हांला असं करायला शिकवलंय, म्हणून." एवढं बोलून थांबायचं. पुढे विचारलं तर पुढे बोलायचं, ताट ठेवल्यावर, बाजूला बसून. छातीवर मंडळीच्या नावाचा साधा बिल्ला लावा. त्याने नाव लपत नाही आणि कुणावर लादलंही जात नाही. पत्रिका हव्यात तर मंडळीच्या हॉलमध्ये ठेवा. जो स्वतः चालत येऊन मागेल त्याला ती अवश्य द्यावी.

प्रार्थना साडेचारला करा, चूल पेटवण्याआधी, स्वयंपाकघरात. वाटपाच्या जागी मोठ्याने नको. कुणी आपणहून "माझ्या पोरासाठी प्रार्थना करा" म्हणालं तर नाव विचारा, बाजूला व्हा, दोन मिनिटांत, हळू आवाजात. मत्तय ५:१६ म्हणतो की तुमची सत्कर्मं लोकांना दिसोत, ६:२ म्हणतो की पुढे कर्णा वाजवू नका. दोन्ही येशूच्या डोंगरावरच्या एकाच प्रवचनातले शब्द आहेत. काम दिसू द्या, कर्णा नको, म्हणजे बॅनर नको, पाहुणे नकोत, निवडणुकीला उभ्या असलेल्या कुणाच्या हस्ते शुभारंभ तर नकोच नको.

लूकच्या १० व्या अध्यायातल्या, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या शोमरोन्याचा हिशेब एकदा बारकाईने करून बघा. जखमांना तेल आणि द्राक्षारस, पट्ट्या, आपलं जनावर, उतारशाळेत एक रात्र स्वतः शुश्रूषा, दुसऱ्या दिवशी दोन दीनार. मत्तयाच्या २० व्या अध्यायात मजुराची एका दिवसाची मजुरी एक दीनार ठरते, तेव्हा हे दोन दिवसांचे पैसे झाले. आणि वर, "जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन." त्याने नाव सांगितलं नाही, धर्म सांगितला नाही, पण *परत येण्याचं* सांगितलं. तरुण संघांची कामं नेमकी तिथेच मोडतात. पहिले सहा शनिवार २० जण, दहाव्या शनिवारी चौघे, मग परीक्षा, मग नाताळची तयारी, आणि रुग्णालयाच्या झाडाखाली कुणीतरी वाट बघत बसलेलं. तुम्ही आला नाहीत, हीसुद्धा साक्षच होते, उलटी.

म्हणून सात-सात जणांच्या दोन तुकड्या करा, आलटून पालटून. नाताळचा आणि ईस्टरचा शनिवार आधीच ठरवून टाका. मनुष्यबळ पुरत नसेल तर आधीच महिन्यातून दोनच शनिवार जाहीर करा, पण ते चुकवू नका. हिशेबाची वही दर महिन्याला पंचकमिटीपुढे, पावत्यांसह. एक महिन्याचा खर्च हाताशी शिल्लक असल्याशिवाय सुरुवात करू नका.

मिरजेत मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये इस्पितळ उभं केलं. सांगली-मिरजेच्या मधल्या वस्तीचं वानलेसवाडी हे नाव आजही सगळ्या जातिधर्मांच्या माणसांच्या तोंडी आहे. तिथे उपासनाही होती आणि देवाचं वचनही होतं, ते कुणी लपवलं नाही. पण मोतीबिंदू नीट काढला गेला नसता, तर त्या वचनाकडे कुणी कान दिला नसता. तुमची खिचडी करपली असेल, तर पत्रिका कितीही सुंदर छापा.

वसईकर

आम्ही कॅथलिक, पण मुद्दा एकच. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी १८३३ मध्ये पॅरिसला विद्यार्थ्यांनीच सुरू केली, तुमच्याच वयाच्या. त्यांची घडी उचलण्यासारखी आहे: घरभेटीला नेहमी दोघे, जे पाहिलं-ऐकलं ते बाहेर बोलायचं नाही, आपसातली वर्गणी बंद पिशवीत, कुणी किती घातले हे कुणाला कळत नाही. आणि मदत करताना धर्म विचारायचा नाही.

खिचडीसोबत अजून एक काम घ्या, पैसे लागत नाहीत: कागदपत्रं. १४ पैकी दोघांनी हे शिकून घ्यावं. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचं टेबल रुग्णालयात असतं, तिथे आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार लागतं, आणि गावाकडून आलेला माणूस नेमकं रेशनकार्डच घरी विसरतो. गावातल्या कुणाकडून फोटो मागवून घेणं, योग्य खिडकीपर्यंत नेणं, एवढ्याने एखाद्याचं कर्ज टळतं. हेल्पलाइन १५५३८८. धर्मादाय रुग्णालयात हलवायची वेळ आली, तर तिथे १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकातल्या रुग्णांसाठी राखीव असतात. तिथल्या समाजसेवकाला भेटून उत्पन्नाचा दाखला दाखवावा लागतो. हे तुम्ही करून द्यायचं नाही, त्यांच्यासोबत उभं राहायचं. सही त्यांची, बोलणं त्यांचं.

दुसरं, शवागाराजवळची माणसं. इथे फार थोडे जातात. रात्री बाप गेला, मुलगा २२ वर्षांचा, खिशात ३०० रुपये, काय करायचं ठाऊक नाही. अपघात, विष, भाजणं, सर्पदंश असेल तर पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय देह मिळत नाही. हे कुणी शांतपणे सांगितलं तर तो डॉक्टरांवर धावून जात नाही. शववाहिकेचे नंबर आणि दर आधीच लिहून ठेवा. मृत्यूची नोंद मृत्यू जिथे झाला तिथल्या नगरपालिकेत किंवा महापालिकेत होते, गावच्या ग्रामपंचायतीत नाही. २१ दिवसांची मुदत असते. लोक महिनाभर ग्रामपंचायतीत खेटे घालतात आणि विमा, पेन्शन, सातबारा सगळं अडकून राहतं. एका चिठ्ठीवर एवढं लिहून द्या.

तिथे बोलायचं कमी. पाण्याची बाटली, चहा, फोन लावून देणं, सोबत बसणं. "देवाची इच्छा" हे शब्द त्या रात्री नकोत.

तरुणसंघ_नगर

सगळ्यांचे मनापासून आभार. अर्ज उद्याच लिहितो. दोन तुकड्यांचं आणि बिल्ल्याचं रविवारी बैठकीत मांडतो. पत्रिकेवर अजून दोघे-तिघे नाराज आहेत, त्यांना हा धागा वाचायला देतो.

एक शंका राहिली. कुणी म्हणालं की मला तुमच्या मंडळीत यायचंय, तर?

सुवार्तिक_सोलापूर

सेक्रेटरी साहेबांचं 'विचारणाऱ्याला' पटलं. पत्रिका हॉलमध्येच राहू द्या, पण ती दोन वाक्यं खरोखर सगळ्यांकडून पाठ करून घ्या, संकोची मुलांकडूनही.

तुमच्या शंकेबद्दल: आनंदाने पत्ता आणि उपासनेची वेळ सांगा, आणि "रुग्ण घरी गेला की या" म्हणा. रुग्णालयात असताना काही ठरवून घेऊ नका, नाव-नंबरची यादी करू नका. माणूस तिथे भीतीत असतो, आणि भीतीत दिलेला शब्द त्याच्यावर ओझं होतो. आणि तो आला नाही तरी पुढच्या शनिवारी त्याच्या ताटात पळी तेवढीच पडली पाहिजे.

मोठं_पातेलं

आणि पहिल्या शनिवारी १०० चं करू नका रे. ६० चं करा. साडेतीन किलो डाळ ऐवजी दोन किलोला थोडी वर, तांदूळ सव्वाचार किलो, पाणी २१ लिटर, मीठ १५० ग्रॅमपासून. हात बसला की वाढवा. पातेली आदल्या दिवशी घासून उन्हात पालथी घालून ठेवा.